मिक्सर खोलणाऱ्या ताईची मजुरी

 

शिवणकाम, पापड-शेवया, शेळ्या, कोंबड्या यांच्यावर आपण पुष्कळ बोलतो. आज मिक्सर, पंखा, इस्त्री, बल्ब अशा घरातल्या विजेच्या वस्तू दुरुस्त करण्याच्या कामाबद्दल बोलायचं आहे. हे गड्यांचं काम म्हणून रेडिओ बंद करू नका. आधी घरात एक चक्कर मारा. माळ्यावर, कपाटाच्या वर, पलंगाखाली बघा. बंद पडलेला मिक्सर असेल. पाती काढून पोत्यात बांधलेला पंखा असेल. चार्जिंग न धरणारी बॅटरी असेल. धक्का देते म्हणून बाजूला ठेवलेली इस्त्री असेल, आणि ती सर्वांत धोक्याची आहे, कारण एखाद्या दिवशी घाईत कुणीतरी तीच लावणार.

आमच्या गटाच्या बैठकीत मी हाच प्रश्न विचारला होता. दहाजणी होत्या. बंद वस्तू नाही असं एकही घर निघालं नाही. एका मावशींकडं तर दोन मिक्सर निघाले, दोन्ही सुनांच्या रुखवतातले. मावशी म्हणाल्या, "टाकवत नाय गं, माहेरची वस्तू हाय पोरींची."

मग दुरुस्त का नाही होत? गावात कुणी करणारं नाही. तालुक्याला न्यावी तर पूर्ण दिवस जातो. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं हे खरं, पण रोज तर अर्धा बुडत नाही, पूर्णच बुडतो. दुकानदार म्हणतो ठेवून जा, बाजाराच्या दिवशी या. बाजाराच्या दिवशी गेलं तर पार्ट आलेला नसतो. आणि शेवटी वस्तू हातात मिळते तेव्हा त्यानं आत काय बदललं, खरंच बदललं का, हे विचारायची आपली हिंमत नसते. तोवर घरात पाटा-वरवंटा खाली उतरलेला असतो. मिक्सर सगळ्या घराचा, पण तो बंद पडला की वाटण कुणाच्या दंडावर येतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता पहिला आक्षेप. बाईमाणसाला विजेतलं काय कळतं? राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं गाव आहे. तिथं बंकर रॉय यांनी १९७२ साली एक संस्था सुरू केली. तिला बेअरफूट कॉलेज म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाया, त्यांत आज्याही आल्या, तिथं सहा महिने राहतात आणि सौरदिव्यांची जोडणी-दुरुस्ती शिकून परत जातात. आफ्रिकेतल्या देशांतूनही बाया येतात. एकमेकींची भाषा येत नाही, मग रंगांवरून आणि हातवाऱ्यांनी शिकतात. लाल वायर इकडं, काळी तिकडं. आपल्या मुंबईच्या आयआयटीनं २०१४ पासून शाळकरी मुलांसाठी १० लाख सौरदिव्यांचा प्रकल्प केला, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशात. दिवे जोडायचे आणि दुरुस्त करायचे गावातल्याच माणसांनी, अशी त्यात योजना होती. पुढच्या टप्प्यात बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश अशा राज्यांत हे काम बचत गटांतल्या बायांनी केलं. आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात महावितरणच्या उषा जगदाळे खांबावर चढून लाइनचं काम करतात, त्यांचा व्हिडिओ तुमच्यापैकी कितीजणींनी पाहिला असेल. आपल्याला खांबावर चढायचं नाही. प्लग काढून वस्तू पुढ्यात घ्यायची आहे, आणि ती वस्तू वीस वर्षं आपणच वापरत आलो आहोत. मिक्सरचा आवाज बदलला हे घरात आधी कुणाला कळतं?

आमच्या ओळखीच्या एका ताईनं हे काम धरलं. नाव सांगत नाही. तिनंच बजावलं आहे, "रेडिओवर नाव नको, नाहीतर उद्या सगळा तालुका फुकट करून मागंल." ही गोष्ट चेष्टेची नाही, पुढं त्यावर बोलणारच आहे. ताई पाथर्डीकडची, बारावीपर्यंत शिकलेली. नवरा कारखान्याच्या हंगामात ट्रॅक्टरवर असतो. तिनं एका महिन्याचं प्रशिक्षण घेतलं आणि घरीच ओसरीवर टेबल मांडलं.

काम कसं असतं ते तिच्याकडूनच मी बघितलं. बऱ्याचदा दोष आत नसतोच, वायरीत असतो. प्लगच्या मानेशी किंवा वस्तूत शिरते त्या ठिकाणी वायर रोज वाकून आतून तुटते, वरून धड दिसते. ते शोधायला मल्टिमीटर लागतो. डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीसारखा समजा. प्लग काढलेल्या वस्तूच्या वायरीच्या दोन टोकांना त्याच्या दोन दांड्या लावल्या आणि टीऽऽ वाजलं तर वायर सलग आहे, नाही वाजलं तर मधे तुटली. हे एवढं शिकायला दुपार पुरते. मग ती वायर तेवढी छाटून पुन्हा जोडायची, चिकटपट्टी गुंडाळून नव्हे, नीट प्लगमध्ये स्क्रूखाली आवळून.

मिक्सरचं जरा सविस्तर सांगते, कारण तो सर्वांत जास्त येतो. मिक्सर चालता चालता एकदम बंद पडला तर आधी प्लग काढा आणि मिक्सर उलटा करा. बऱ्याच मिक्सरच्या बुडाला एक बटण असतं, बहुधा लाल. भार जास्त झाला की ते आपोआप उडतं आणि मोटार जळायच्या आधी वीज तोडतं. मोटार निवू द्यायची, बटण आत दाबायचं, मिक्सर सुरू. ताईकडं असे मिक्सर किती जणी घेऊन येतात म्हणून सांगू! ज्याला काही झालेलंच नाही, तो मिक्सर वर्षभर माळ्यावर.

मोटार फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही, तर कपलर झिजला. मोटारीच्या डोक्यावर तो दातेरी काळा तुकडा असतो तो. स्वस्त असतो, पण काढताना जपून, काही मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात. आतून खूप ठिणग्या दिसतात, मिक्सर मधेच थांबतो, हलवला की चालतो, तर कार्बन झिजले. हे दोन छोटे कोळशाचे तुकडे, मोटारीच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगवर बसलेले. जोडीनंच बदलायचे. आणि जळका वास येऊन धूर निघाला असेल तर आर्मेचर किंवा कॉइल गेली. तिथं ताई थांबते आणि सरळ सांगते, वहिनी, याला इतका खर्च येईल, नवा मिक्सर इतक्याला आहे, तुम्ही ठरवा. हे सांगणं मला तिच्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं. दुरुस्त करू नका असं सांगणारा मेकॅनिक तुम्हाला किती वेळा भेटला?

जाता जाता, मिक्सर जळतो तो बहुतेक आपल्याच घाईनं. भांडं गळ्यापर्यंत भरायचं, पाणी घालायचं नाही, खोबरं-शेंगदाणे घट्ट बसले तरी दाबत राहायचं. आणि संध्याकाळी सगळ्या गावाच्या मोटारी चालू असताना दाब कमी आलेला असतो, तेव्हा मोटार ओढून ओढून तापते. थोडं थोडं वाटा, मधे थांबा.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, काडीनं ढकलला की फिरायला लागतो, किंवा पाचवर ठेवूनही दोनसारखा फिरतो, तर त्याचा कंडेन्सर कमजोर झाला. पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सर म्हटलं की मिळतो. छताच्या साध्या पंख्याला बहुतेक अडीच एमएफडीचा लागतो, पण जुन्यावर जो आकडा छापला असेल तोच आणायचा, जास्तीचा लावला म्हणजे पंखा जास्त पळेल असं नाही, उलट तापेल. पंखा खरखरतो तर बेअरिंग. वीज वाचवणारे नवे पंखे आलेत, साध्या पंख्याला ७०-८० वॅट लागतात तिथं हे ३०-३५ वॅटवर चालतात, पण त्यांच्यात आत सर्किटचा बोर्ड असतो. त्यांचं शिक्षण वेगळं, ते पुढच्या वर्षी.

२०१५ च्या उजाला योजनेपासून घरोघर एलईडी बल्ब आले. ते बंद पडले की आपण उकिरड्यावर टाकतो. खरं तर आतल्या चकतीवरचे बारीक दिवे माळेसारखे एकामागं एक जोडलेले असतात, एक गेला की सगळी माळ विझते. गेलेल्यावर काळा ठिपका दिसतो. दुसऱ्या बंद बल्बातला चांगला दिवा काढून तिथं डाग दिला की बल्ब लागतो. मात्र बल्ब उघडा असताना तो लावून त्या चकतीला हात लावायचा नाही. ती चकती थेट घरच्या विजेला जोडलेली असते, मोबाइलच्या चार्जरसारखी सुरक्षित नसते. बल्ब छोटा आहे म्हणून धक्का छोटा बसत नाही.

आणि आपल्या भागात एक हमखास गिऱ्हाईक म्हणजे बॅटरीचा फवारणी पंप. कांद्याच्या, डाळिंबाच्या दिवसांत पंप बंद पडला तर शेतकरी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. त्याचा स्विच औषधानं गंजतो, वायरीचं टोक सुटतं, चार्जर जातो. बॅटरी १२ व्होल्टची असते, घरच्या विजेपेक्षा शिकायला बरी. पण पंपाला औषध लागलेलं असतं, आधी साबणानं धुऊन घ्यायचा, हातमोजे घालायचे, आणि लेकरांच्या ताटाजवळ तो आणायचा नाही.

आता धोक्याचं. इथं मी रेडिओवरून कुणालाही वस्तू खोलायला सांगत नाही, आधी शिकायचं, मग खोलायचं. तरी काय काय सांभाळावं लागतं ते ऐका, म्हणजे शिकवणारा नीट शिकवतो का ते कळेल. प्लग आपल्या हातानं काढायचा आणि आपल्या डोळ्यांपुढं ठेवायचा. बटण बंद केलंय या भरवशावर राहायचं नाही, कारण पुष्कळ घरांत वायरिंग उलटं असतं, बटण बंद तरी आत वीज. पंख्याच्या कंडेन्सरमध्ये वीज काही काळ साठून राहते, ती बल्बावरून उतरवून मगच हात. पायात कोरडी रबरी चप्पल, खाली लाकडी फळी. पदर खोचलेला, वेणी बांधलेली, धातूच्या पाटल्या काढलेल्या, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. फिरती मोटार पदर कसा ओढते ते गिरणीवर तुम्ही पाहिलं-ऐकलं असेल.

दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यांदा थेट प्लगमध्ये लावायची नाही, सिरीज बोर्डावर लावायची. हा बोर्ड घरीच करतात, एक होल्डर, जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब आणि एक सॉकेट. वस्तूच्या वाटेत बल्ब बसवलेला असतो. आत कुठं शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भकभकून पेटतो, वस्तू जळत नाही, घरातली वीज जात नाही. इस्त्री, हिटर यांच्यासारख्या लोखंडी अंगाच्या वस्तूंना अजून एक तपासणी. प्लगचा मोठा पिन आणि वस्तूचं अंग यांत मल्टिमीटर वाजला पाहिजे, कारण तो अर्थिंगचा आहे. बाकीच्या दोन पिनांना मात्र वाजता कामा नये. वाजला तर ती वस्तू माणूस मारू शकते, परत द्यायची नाही.

टेबलाच्या विजेला ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्यायचं, ते वायरमनकडून. अंगातून वीज जायला लागली की ते क्षणात तोडतं. ते महाग वाटतं, बायका म्हणतात नंतर घेऊ. नंतर नाही. गटाचं कर्ज घ्यायचं असेल तर पहिली खरेदी ती.

डाग देताना जो धूर येतो तो नाकात घ्यायचा नाही, खिडकीजवळ बसायचं. त्या तारेत शिसं असतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नको, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नको, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या ताईनं तेवढे महिने डाग देण्यापासून लांब राहावं. मायक्रोवेव्ह, जुना मोठ्या पेटीचा टीव्ही, फ्रिजचा गॅस हे घ्यायचंच नाही, खास शिक्षण असल्याशिवाय. घरातलं वायरिंगही नाही, त्याला तारतंत्री परवाना लागतो. खांबावरचं, मीटरचं काम महावितरणचं. कधी कधी एकाच गल्लीतल्या चार-पाच घरांचे टीव्ही, पंखे एकाच वेळी जळतात. तो बहुधा न्यूट्रल तुटल्याचा प्रकार असतो, २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येतो. तेव्हा दुरुस्तीला घेण्याआधी १९१२ वर तक्रार नोंदवायला सांगायचं, नाहीतर आज दुरुस्त केलेलं उद्या पुन्हा जळेल आणि नाव आपलं खराब होईल.

इथवर सगळं शिकता येतं. ताई जिथं अडली ती जागा वेगळीच होती.

तिचं काम चालायला लागलं. पहिल्या दोन महिन्यांत ओसरी वस्तूंनी भरली. एका बैठकीत ती हप्त्याचे पैसे घेऊन आली नाही. असं तिचं कधी झालं नव्हतं. म्हणाली, काम पुष्कळ आहे, पैसेच येत नाहीत. वही काढायला लावली. निम्म्याहून जास्त वस्तू भावकीतल्या, शेजारच्या, गटातल्याच बायांच्या. पार्टचे पैसे लोक देत होते, कारण तो डोळ्यांना दिसतो. मजुरी कुणी देत नव्हतं. "अगं आपल्यातलीच तू, तुला काय पैसं द्यायचं?" "दोन मिनिटांचं तर काम होतं, मी बघत होते की." जाऊबाई तर म्हणाल्या, "बसल्या जागी खेळणं खेळल्यासारखं करती, त्याला मजुरी?" हेच लोक तालुक्याच्या दुकानात दीडशे-दोनशे रुपये काढून देतात, तेव्हा तोंडातून शब्द निघत नाही.

ती म्हणाली, मी हे बंद करते, खुरपायला गेले तर रोज तरी हातात पडतो.

मला सर्वांत जास्त वाईट वाटलं ते बैठकीतल्या शांततेचं. कारण तिथं बसलेल्यांपैकी तिघींच्या वस्तू त्या वहीत होत्या. बाईनं शिवलं, रांधलं, निवडलं, दुरुस्त केलं, ते काम नसतंच असं आपणच मानतो. पुरुषांनी मानलं तर आपण रेडिओवर बोलतो. इथं तर गटातल्या बायांनीच गटातल्या बाईला बुडवलं होतं, आणि तिचं कर्जही गटाचंच! म्हणजे तिची मजुरी बुडवून आपण आपलाच हप्ता बुडवत होतो.

मग त्या दिवशी तिथंच हिशोब मांडला. समजा खुरपणीचा रोज ३०० रुपये, काम सहा तास. तासाला ५० झाले. मिक्सर खोलायचा, पुसायचा, दोष शोधायचा, पार्ट घालायचा, सिरीजवर तपासायचा, बंद करायचा, याला एक तास धरा. ५० रुपये तर नुसत्या बसण्याचे झाले. महिनाभर घर सोडून शिकली त्याचे काय? मल्टिमीटर, डागणी, पकड-पाने, बेअरिंग काढायचा पुलर, आरसीसीबी आणि थोडे पार्ट मिळून तिनं ५,००० रुपये कर्ज काढलं. शेकडा १ रुपयानं पहिल्या महिन्याचं व्याज ५० रुपये. महिन्याला ५०० मुद्दल फेडायची तर हप्ता ५५० रुपये. महिन्याला वीस वस्तू आल्या तर प्रत्येक वस्तूमागं साडेसत्तावीस रुपये तर आधी गटाचेच आहेत. पार्ट आणायला नगरला जाते ते भाडं वेगळं. सगळं धरून मिक्सरची मजुरी १०० रुपयांच्या खाली परवडतच नाही, हे बेरीज करणाऱ्या मावशींनीच सांगितलं. त्या दोन मिक्सरवाल्या मावशी. चौथी शिकल्यात, पण व्याजाची बेरीज त्यांच्याइतकी लवकर कुणाला येत नाही.

त्यावरून दरपत्रक ठरलं. ताईनं नव्हे, ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं आणि ठराव-वहीत लिहिलं. हे महत्त्वाचं आहे. दर तिनं ठरवला असता तर भांडण तिच्याशी झालं असतं. आता कुणी हुज्जत घातली की ती म्हणते, दर माझा नाही, ग्रामसंघाचा आहे, बैठकीत या आणि बोला. मिक्सर १००, छताचा पंखा ८०, इस्त्री ६०, फवारणी पंप १००, बल्ब १०, पार्टची किंमत वेगळी. वस्तू खोलून बघायचेच ३० रुपये, दुरुस्त करून घेतली तर ते मजुरीत वळते. हे ३० रुपये फार कामाचे निघाले. नाहीतर खोलून दोष शोधून द्यायची ती आणि नको म्हणून लोक वस्तू उचलून न्यायचे. भावकीला सवलत द्यायची असेल तर पार्टमध्ये नाही, मजुरीतही नाही, फक्त घरपोच देण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. तुमच्या गावात दर कमी-जास्त होतील, ते तुमचे तुम्ही मांडा.

ताईनंही आपल्या बाजूनं काही गोष्टी लावून घेतल्या. वस्तू आली की वहीत तारीख, नाव, काय होतं, काय सांगितलं हे लिहायचं आणि गिऱ्हाइकाची सही किंवा अंगठा घ्यायचा. बदललेला जुना पार्ट पुडीत बांधून परत द्यायचा, म्हणजे शंका राहत नाही. बदललेल्या कामाची एक महिन्याची जबाबदारी. आणि वस्तू हातात घेतल्याबरोबर पहिला प्रश्न, बिल आहे का, वॉरंटीत आहे का? वॉरंटीतली वस्तू खोलायची नाही. कंपनीच्या सेवा केंद्राला पाठवायची. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल काढलं. दुरुस्तीची माहिती, पार्ट, सेवा केंद्रं यांची माहिती कंपन्यांनी तिथं द्यावी असा त्याचा हेतू आहे. आणि कंपनी वॉरंटीत असूनही दाद देत नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. ताई हा नंबर गिऱ्हाइकाला लिहून देते, त्याचे पैसे घेत नाही.

एक गोष्ट आम्हाला आधी सुचली नव्हती. ती म्हणजे घरात शिरण्याची. दिवसा घरात एकटी बाई असेल तर ती परक्या मेकॅनिकला पंखा उतरवायला आत बोलवत नाही. मालक घरी येईपर्यंत थांबते, मालक रविवारी थांबले तर. ताईला मात्र सरळ स्वयंपाकघरापर्यंत नेतात. हे तिचं भांडवलच आहे. पण तिच्यासाठीही उलट बाजूनं हाच विचार हवा. अनोळखी घरी ती एकटी जात नाही. गटातली एक बाई सोबत असते, किंवा वस्तूच गटाच्या खोलीवर आणून द्यायला सांगते. आणि एवढं करून मिळालेले पैसे तिच्याच खात्यात, हे सांगायला नकोच, पण सांगते.

शिकायचं कुठं, हा प्रश्न येणारच. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिला आरसेटी म्हणतात, ती जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे आणि बँक ती चालवते. शिकणं, राहणं, जेवण फुकट. ही कल्पना कर्नाटकात धर्मस्थळच्या संस्थानानं आणि दोन बँकांनी मिळून १९८२ साली उजिरे गावात सुरू केली, तिथून देशभर पसरली. मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती, फ्रिज-एसी अशा दुरुस्तीच्या कामांचे वर्ग तिथं असतात. पुढचा कोणता वर्ग कधी आहे, ते तुमच्या उमेदच्या सीआरपी ताईला विचारायला लावा. वर्ग संपल्यावर दोन वर्षं ते पाठपुरावा ठेवतात, तो हक्कानं मागा. दहावी झालेल्या मुलींसाठी आयटीआय आहे, तिथं इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुलगी शिवण घेते की ब्युटी पार्लर एवढंच विचारू नका, हेही विचारा. पुढं दुकान टाकायचं झालं तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. पण माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष गटाच्या छोट्या कर्जावरच काढावं. दुकानाचं भाडं सुरू झालं की छाती दडपते.

महिन्याच्या वर्गात सगळं येत नाही, हेही सांगते. ताईनं वर्गानंतर दोन महिने फक्त भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेले मिक्सर आणि पंखे खोलले आणि बसवले. एकातला चांगला पार्ट दुसऱ्यात. त्यातून दोन मिक्सर चालू निघाले, ते तिनं विकले. भंगार म्हटलं तर आणखी एक, वायरी जाळून तांबं काढू नका. पोरं हा उद्योग ओढ्याकाठी करतात. त्या प्लास्टिकचा धूर फार विषारी असतो. ताई वायर पात्यानं सोलून तांबं वेगळं विकते. फुगलेल्या बॅटऱ्या वाळूच्या डब्यात वेगळ्या ठेवते, त्यांना टोचायचं किंवा उन्हात ठेवायचं नाही.

सध्या ताईची गाडी कशी चालली आहे? हप्ता वेळेवर येतो. महिना सारखा जात नाही, लग्नसराईत आणि उन्हाळ्यात पंखे, फवारणीच्या दिवसांत पंप, पावसाळ्याच्या तोंडाला काही दिवस अगदी रिकामे, तेव्हा ती अजूनही खुरपायला जाते. टीव्हीचं काम शिकायचं तिच्या मनात आहे. ग्रामसंघातल्या आणखी दोघींनी पुढच्या वर्गासाठी नावं दिली आहेत, त्यातल्या एकीच्या सासूबाईंची परवानगी यायची आहे.

आणि त्या जाऊबाई? मागच्या महिन्यात त्यांचे मालक, म्हणजे ताईचे थोरले दीर, फवारणी पंप घेऊन ओसरीवर आले. स्विच गंजला होता. ताईनं बदलून दिला आणि भिंतीवरच्या दरपत्रकाकडं बोट केलं. भाऊंनी वाचलं, पुन्हा वाचलं, पार्टचे पूर्ण आणि मजुरीचे ६० रुपये ठेवले, म्हणाले ४० बाजारच्या दिवशी देतो. ते ४० ताईनं वहीत उधारीच्या पानावर लिहिले आहेत, आणि खाली भाऊंची सही आहे.